पिशवी काढण्याआधी



आंबियाची फळगळ आणि संत्र्याचा डिंक्या यांविषयी पत्रे नेहमीच येतात. या खेपेला त्यांत एक वेगळे पत्र निघाले. काटोल तालुक्यातल्या एका भगिनीचे. नाव-गाव तिने लिहिले नाही, मीही तर्क लढवला नाही. दोन वर्षांपासून अंगावरून पांढरे जाते, वास येतो. तीनदा औषध झाले. औषध घेतले की पंधरा दिवस बरे, मग पुन्हा तेच. आता घरचे म्हणतात, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. बगीचा व्यापाऱ्याला दिला की त्याच पैशातून ऑपरेशन करायचे घाटते आहे. "साहेब, ओळखीचे डॉक्टर आहेत काय?" एवढाच तिचा प्रश्न.

मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी हा विषय घरातल्या बाईच्या जिवाचा आणि घरच्या पैशाचा आहे, म्हणून लिहितो. पुरुषमंडळींनी पान उलटू नये. अर्धा मजकूर त्यांच्यासाठीच आहे.

आपल्याकडे याला धुपणी म्हणतात. थोडे पांढरे जाणे हा रोग नव्हे. पण पातळ, राखाडी-पांढरे जाते आणि मासळीसारखा वास येतो, विशेषतः पाळीनंतर किंवा संबंधानंतर, तेव्हा बहुधा बॅक्टेरिअल व्हजायनोसिस असते. निरोगी योनिमार्गात विरजणातल्या जिवाणूंचे भाऊबंद राहतात. ते तिथे आंबटपणा टिकवतात आणि त्या आंबटात घातक जिवाणू वाढत नाहीत. हे राखणदार कमी झाले की दुसरे जिवाणू माजतात. (म्हणून कोणी आत दही लावू नये, तसलेही उपाय ऐकले आहेत.) साबण, डेटॉल किंवा तुरटीच्या पाण्याने आतून धुणाऱ्या बाया स्वच्छतेसाठीच धुतात, पण त्यात राखणदारच वाहून जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरे.

औषध लागू का पडत नाही? पहिले कारण, रोग भलताच असतो. दह्याच्या चोथ्यासारखे घट्ट जाऊन खाज सुटत असेल तर ती बुरशी, तिचे औषध वेगळे. पिवळे-हिरवे, फेसाळ असेल तर तिसराच रोग. मेडिकलवाल्याला सांगून आणलेल्या गोळीला हे कसे कळावे? दुसरे कारण, मेट्रोनिडॅझोलचा सात दिवसांचा डोस तिसऱ्या दिवशी वास गेला की बंद होतो. तिसरे, हे जिवाणू चिकट थर करून राहतात. औषधाने वरचे मरतात, थरातले पुन्हा उठतात. पूर्ण डोस घेतलेल्याही निम्म्याहून अधिक स्त्रियांना वर्षाच्या आत हा त्रास परततो. तेव्हा "तूच पथ्य पाळत नाहीस" असे तिला बोलू नये. वारंवार परतणाऱ्या रोगात डॉक्टर सात दिवसांच्या औषधानंतर तेच औषध जेलच्या रूपात आठवड्यातून दोनदा, काही महिने लावायला देतात.

आता पुरुषांचे. डिंक्यात आपण खोड खरडून बोर्डो मलम लावतो, पण खोडाशी पाणी साचू दिले की बुरशी मातीतून पुन्हा चढते. इथेही तसेच. हे जिवाणू नवऱ्याच्या इंद्रियाच्या त्वचेवर आणि मूत्रमार्गात राहतात. त्याला काहीच त्रास नसतो, पण बायको बरी झाली की तिला ते पुन्हा मिळतात. ऑस्ट्रेलियात १६४ जोडप्यांवर झालेला अभ्यास मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त बायकोला औषध दिले तिथे १२ आठवड्यांत १०० पैकी ६३ जणींना रोग परतला. नवऱ्यालाही सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि क्लिंडामायसिनचे मलम दिले तिथे ३५ जणींना. फरक एवढा दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. पूर्वी नवऱ्यांना नुसत्या गोळ्या देऊन पाहिले होते, त्याचा उपयोग दिसला नव्हता. मलमही हवे. सगळ्या डॉक्टरांच्या हे कानावर असेलच असे नाही, म्हणून आपण होऊन विचारावे. दोघांचे औषध एकाच वेळी, आणि ते सात दिवस संबंध नको. आणि भाऊ, हा रोग म्हणजे बायकोच्या चालचलणुकीचा पुरावा नव्हे. तो संशय घरात आणू नका.

त्या भगिनीने आपण एकटीच असे समजू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध साप्ताहिकात आला. १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग निघाले, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाकीच्या सोसत होत्या.

पिशवीचे म्हणाल तर, हा रोग योनिमार्गातला आहे, पिशवीतला नाही. पिशवी काढली तरी पांढरे जाऊ शकते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरे जाते, पोट दुखते, पुढे कॅन्सर होईल, असे भय घालून कित्येकींना टेबलावर घेतले होते. कमी वयात पिशवी आणि बीजकोष गेले की हाडे लवकर ठिसूळ होतात. निंदण-वेचणी करणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

मात्र पांढऱ्यात रक्त दिसले, संबंधानंतर किंवा पाळी बंद झाल्यावर रक्त गेले, ओटीपोटात दुखून ताप आला किंवा दिवस गेलेले असले, तर एक दिवसही थांबू नये.

आधी काटोलच्या सरकारी दवाखान्यात जोडीने जावे. तिथे भागले नाही तर नागपूरला डागा किंवा मेडिकल आहे. योनिस्रावाची तपासणी करून मागावी. पाळीचे दिवस सोडून जावे, जाण्याआधी आतून धुऊ नये आणि आजवरच्या सगळ्या चिठ्ठ्या व रिकामी पाकिटे बरोबर न्यावीत. कोणी ऑपरेशन सांगितलेच, तर कशासाठी ते कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद दुसऱ्या डॉक्टरला दाखवावा. तोवर बगीच्याचे पैसे घरातच राहू द्यावेत.