भिंतीआधी छताचा रंग पाहा

तुमचा घराच्या रंगांवरील लेख वाचला. निळ्या भिंतीने सर्जनशीलता वाढते, हे विधान मुळीच पटले नाही. २००९ साली ‘सायन्स’मध्ये आलेला मेहता आणि झू यांचा अभ्यास मुख्यतः संगणकाच्या पडद्यावरील रंगांचा होता, भिंतींचा नव्हे.

आमच्याकडे तर प्रश्नच वेगळे: कोळसा खाणींची धूळ खिडकीच्या चौकटीवर रोज साचते. गडद भिंतीला नुसता हात लागला तरी पाची बोटं उमटतात. मे महिन्यात पारा कित्येकदा ४५ अंशांपल्याड जातो. चुन्यात चिमूटभर नीळ घालून भिंतींना हात दिला आणि स्लॅबवर पांढरा चुना मारला, की ऊन परतवलं जातं, खोली कमी तापते. रात्री झोप लागली तरच चित्त थाऱ्यावर! भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांसाठीही कृपया लिहा.

– एक वाचक, कन्हान (जि. नागपूर)