अनोळखी काका पुसून टाका

मुलांच्या सुरक्षेवर कार्टून फिल्म काढायची म्हटलं की पहिलं चित्र ठरलेलं असतं. शाळेचं फाटक, पाठीवर दप्तर घेतलेली मुलगी आणि कोपऱ्यात चॉकलेट घेऊन उभा असलेला अनोळखी काका. वाढलेली दाढी, मळका शर्ट, लाल डोळे. माझं म्हणणं सरळ आहे. हे चित्र खोटं आहे, धोकादायक आहे, आणि निदान आपण तरी ते काढायला साफ नकार दिला पाहिजे.

नालासोपाऱ्यातली आम्ही काही मुलंमुली मिळून चार मिनिटांची एक फिल्म करतोय. पैसे देऊ करणाऱ्या एका संस्थेने पहिल्याच बैठकीत सांगितलं, "किडनॅपर दाखवा, मुलांना पटकन कळतो." पटकन कळतो हे खरं, पण मुलाला खरा धोका ज्याच्यापासून आहे तो माणूस त्यात दिसतच नाही.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये एक अहवाल काढला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं. त्यात मुलगे ५२.९४ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्तच. निम्म्या प्रकरणांत छळ करणारा मुलाच्या ओळखीचा, विश्वासातला होता. पॉक्सोखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत तर एनसीआरबीच्या आकड्यांनुसार वर्षानुवर्षं ९० टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचेच असतात.

आता आपल्या वस्त्या डोळ्यांपुढे आणा. संतोष भुवन, धानीव बाग, वाकणपाडा. अब्बू पहाटेच्या लोकलने अंधेरीला, अम्मी वालीवच्या गाळ्यात. पोरगं दुपारी एकटं घरी येतं ते शेजाऱ्यांच्या भरवशावर. त्याला चॉकलेट द्यायला कुणी परका कशाला येईल? वरच्या रूमवरचा दादा आहे, शिकवणीचे सर आहेत, रोज ने-आण करणारे रिक्षावाले चाचा आहेत, गावाहून आलेला मामूही आहे. यातले बहुतेक चांगलेच असतात. पण जो नसतो, त्याला आपण कार्टूनमधून आयती सूट देतो. मूल मनाशी म्हणतं, वाईट माणूस तर अनोळखी असतो, हे तर आपलेच आहेत.

अनोळखी काकाचा दुसरा गुन्हा याहून मोठा आहे. कराचीतल्या रोशनी हेल्पलाइनने मुलांच्या अपहरणाबद्दल जागृती करणारी एक छोटी फिल्म केली होती. मोटारसायकलवरून दोघं येतात, मूल उचलून नेतात, शेवटी तेच दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाचा फलक दाखवतात. २०१८ मध्ये तिचा शेवट कापून उरलेला तुकडा भारतभर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्यात, सावध राहा! मुलांच्या रक्षणासाठी केलेली फिल्म अफवेचं हत्यार झाली. त्याच वर्षी अशाच अफवांच्या लाटेत, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. आणि आपल्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचल्याला, १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. तिथेही चोर आणि मुलं पळवणारे आल्याची अफवाच होती.

मारले गेलेले हिंदू होते, भटके होते, साधू होते. म्हणजे 'अनोळखी' या शब्दाला कायमचा धर्म नसतो, ज्या गावात जो परका दिसेल त्याच्या अंगावर तो चिकटतो. हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. भाड्याने घर बघायला गेल्यावर नाव सांगताच बदललेला चेहरा आपण पाहिलेला आहे. दाढी वाढवलेला, परक्या भाषेत बोलणारा माणूस म्हणजे धोका, हे सहा वर्षांच्या मुलाला रंगीत चित्रांतून शिकवायचं आणि वीस वर्षांनी त्यानेच आपल्याला संशयाने पाहिलं तर रडायचं, हा कुठला न्याय?

पण बोट फक्त बाहेर दाखवून भागणार नाही. आपल्या मोहल्ल्यातही दोन आक्षेप येतात.

पहिला हयाचा. "इतक्या लहान मुलांना शरीराबद्दल काय सांगता?" साहेब, मकतबात सात-आठ वर्षांच्या मुलाला तहारत शिकवतातच ना? वुजू, इस्तिंजा, सतर म्हणजे काय, कुठला भाग झाकायचा, हे सगळं तिथे स्पष्ट सांगितलं जातं. मुलं दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणं वेगळी करा, ही शिकवणही आपल्याच घरातली. मग 'हा भाग तुझा आहे, तिथे कुणी हात लावला तर सांग' एवढं वाक्य जोडताना हया आडवी का येते? हया गुन्हेगाराला असायला हवी. आपण ती मुलाच्या तोंडावर पट्टीसारखी बांधली आहे.

दुसरा आक्षेप बदनामीचा. "शिकवणारा माणूस वाईट दाखवलात तर लोक तेवढाच तुकडा कापून फिरवतील." ही भीती खोटी नाही, कराचीच्या फिल्मचं तेच झालं. पण तिच्यावर इलाज आहे. फिल्मचं नाव प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा. त्रासाचं दृश्य सलग लांबवू नका, मधे मधे मुलाचं बोलणं आणि ऐकणारा मोठा माणूस आणा. त्या सरांच्या अंगावर कुठल्याच धर्माची खूण ठेवू नका. गप्प बसल्याने बदनामी टळते हा भ्रम आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचे लोक रुळांवर उतरले ते जितके गुन्ह्यामुळे, तितकेच तक्रार नोंदवायला लागलेल्या उशिरामुळे.

ओळखीचा माणूस दाखवता येत नाही, असंही नाही. चाइल्डलाइनच्या 'कोमल' या अ‍ॅनिमेशन फिल्ममध्ये त्रास देणारा माणूस वडिलांच्या ओळखीचा शेजारी आहे. मुलं ती बघतात, समजतात, घाबरून कोसळत नाहीत.

आमच्या फिल्ममध्ये नऊ वर्षांचा मुलगा आहे, कारण मुलग्यांना कुणी विचारतच नाही. भाषा वस्तीतली, मराठी-हिंदी मिसळलेली. आणि निर्णय आत्ताच घ्यायचेत. सेकंदाला २४ फ्रेम लागतात. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी चार मिनिटांना २,८८० चित्रं. कट-आउटने हातकाम कमी होतं, पण चुकलेली गोष्ट दुरुस्त होत नाही. स्टोरीबोर्डवर अनोळखी काका पुसायला एक खोडरबर पुरतं, फिल्म झाल्यावर काही महिने जातात. म्हणून आम्ही कच्ची चित्रं तात्पुरत्या आवाजावर जोडून आधी वस्तीतल्या मुलांनाच दाखवणार आहोत. विचारणार तीन प्रश्न: वाईट कोण वागलं? मुलाने कुणाला सांगितलं? तू कुणाला सांगशील? पहिल्याचं उत्तर 'चोर' आलं तर स्टोरीबोर्ड परत टेबलावर.

शेवटचं मिनिट मात्र मोठ्यांचं आहे. 'ओरड, पळ, सांग' हे तिन्ही हुकूम मुलालाच, मग आपण काय करणार? पॉक्सोच्या कलम १९ नुसार गुन्हा कळलेल्या प्रत्येकाने तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने लपवला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याकडून, आणि अधिकारी गणवेशात नसावा. 'पोरीला ठाण्यात फिरवतील' म्हणून गप्प बसणाऱ्या घरांना हे कुणीच सांगत नाही. १०९८ हा नंबर मुलाला पाठ हवा, आणि त्याच्या अम्मीलाही.

तुम्ही चित्र काढत असाल, आवाज देत असाल, एडिटिंग शिकत असाल, तर अशी कामं तुमच्याकडेही येतील. पैसे देणारा चॉकलेटवाला काका मागेल. त्याला आकडे दाखवा, राईनपाडा सांगा. तरी ऐकत नसेल, तर काम सोडा. आम्ही त्या संस्थेचे पैसे घेतलेले नाहीत. फिल्मला वेळ लागेल, पण तिच्यात तो काका नसेल.