खरी कसोटी वाफशाच्या दिवशी

मराठी मुलखातील शेतकऱ्याला सहकार कोणा कायद्याने शिकवलेला नाही. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून इर्जिक आणि सावड गावोगाव रूढ होती. इर्जिकीत शेजारी आपापले नांगर-बैल आणून एकाचे शेत नांगरून देत आणि घरधनी सर्वांना जेवू घाली. सावडीत ‘आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे’ असे श्रमांचे चोख देणेघेणे असे.

आज बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. २०१५-१६च्या कृषिगणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीनधारणा अवघी १.३४ हेक्टर होती. एवढ्या शेतासाठी स्वतंत्र ट्रॅक्टर म्हणजे कर्जाचे जोखडच! म्हणून सामायिक अवजारे बँका हव्यात. २०१४-१५मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानाने त्यांना अनुदानाचे पाठबळही दिले.

परंतु अनुदानाने यंत्र येते, विश्वास येत नाही. वाफसा सर्वांच्या शेतात एकदमच येतो आणि चार दिवसांत ओल उडून जाते. त्या वेळी पेरणीयंत्र प्रथम कोणाच्या शेतात जाते, यावर संस्थेचे भवितव्य ठरते. ते दरवेळी अध्यक्षांच्याच शेतात जाऊ लागले, तर दोन एकरवाला सभासद केवळ नावापुरता उरतो.

उपाय अवघड नाही. हंगामापूर्वी चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा, तो दरवर्षी फिरवावा, भाड्यात दुरुस्ती व घसारा धरावा आणि नोंदवही सर्वांना खुली ठेवावी. इर्जिकीची राखण लोकलज्जा करीत असे. आता ती नियमाने करावयाची आहे. यंत्र गावाचे, पण क्रम वजनदाराचा, असे जेथे झाले, तेथे सहकाराची केवळ पाटी उरली, असेच समजावे.