रूप पालटणारे भय
अमेरिकेत ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या राज्यांत पसरलेल्या नावाहो आदिवासींच्या भूमीत मूल हरवले, की रहस्यकथाकारांना ‘यी नाल्दलूशी’, म्हणजे प्राण्याचे रूप घेणारा दुष्ट मांत्रिक, आठवतो. परंतु ज्याचा उल्लेखही नावाहो परंपरा टाळते, त्या भयाचे रंजन करताना खरे गूढ झाकले जाते. २०१६ मध्ये याच भूमीतील शिपरॉक परिसरातून एका शाळकरी मुलीचे अपहरण झाले, तेव्हा ‘अँबर अलर्ट’, म्हणजे बेपत्ता मुलांविषयीचा तातडीचा जाहीर इशारा, दुसऱ्या दिवशी निघाला आणि मुलगी मृतावस्थेत सापडली. आदिवासी क्षेत्रांना ही यंत्रणा मिळावी म्हणून २०१८ मध्ये कायदा करावा लागला, यावरून विलंबाचे मूळ अमानवी शक्तीत नव्हे, तर मानवी व्यवस्थेतच होते, हे स्पष्ट होते.