विश्लेषण : सॉफ्टवेअरची ‘बिल्ड’ वेगवान झाली, पण चूक का सापडत नाही?

मोठे सॉफ्टवेअर हजारो फाइलींचे असते. त्या कंपाइल करून एकत्र जोडण्याच्या प्रक्रियेला ‘बिल्ड’ म्हणतात. वेळ वाचवण्यासाठी ही कामे एकाच वेळी चालवली जातात. मात्र, सर्वांचे संदेश एकाच पडद्यावर आदळले की ते वाचणे अवघड होते.

गोंधळ कसा होतो?
बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन तयार केले. त्याच्या आजच्या ‘जीएनयू मेक’ या अवताराला ‘-जे ८’ असे सांगितले, की तो एकाच वेळी आठ कामे चालवतो. प्रत्येक काम थेट पडद्यावर लिहिते. त्यामुळे एका फाइलमधील चुकीच्या तपशिलात दुसऱ्या फाइलचा इशारा घुसतो. एक काम फसले तरी आधी सुरू झालेली कामे पूर्ण होतात आणि मूळ चूक वर सरकत जाते.

एकेक काम करून पाहिले तर?
अनेक जण तेच करतात; पण त्यात वाचवलेला वेळ परत जातो. शिवाय ‘ही फाइल त्या फाइलवर अवलंबून आहे’ ही नोंद राहून गेली असेल, तर ती चूक अनेकदा समांतर बिल्डमध्येच दिसते. कामे एकामागून एक केली की ती गायब होते. अशा वेळी पहिला लॉग हाच पुरावा असतो.

उपाय कोणता?
ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ‘जीएनयू मेक ४.०’मध्ये ‘आउटपुट-सिंक’ हा पर्याय मिळाला. प्रत्येक कामाचे संदेश बाजूला साठवून ते काम संपल्यावर एकत्र छापले जातात. क्रोम ब्राउझरच्या बिल्डसाठी जन्मलेले ‘निंजा’ हे साधन तर मुळातच असे वागते. काम फसल्यास नेमकी कोणती आज्ञा फसली, तेही दाखवते.

मग आक्षेप काय?
‘मेक’मध्ये हा पर्याय आपोआप चालू नसतो. तो चालू केल्यास लांबलचक काम संपेपर्यंत पडदा गप्प राहतो. कंपायलरच्या संदेशांतील रंगही जाऊ शकतात, कारण ते आता थेट पडद्यावर जात नाहीत. हे आक्षेप खरे आहेत, पण त्यांवर मार्ग आहेत. रंग कायम ठेवण्याची सूचना कंपायलरला देता येते. निंजामध्ये निवडक कामांना थेट पडदा देण्याची सोय आहे.

काय करायला हवे?
सर्व्हरवर चालणाऱ्या स्वयंचलित बिल्डसमोर कोणी बसलेले नसते. तिथला लॉग नंतरच वाचला जातो. त्यामुळे तिथे तरी संदेश गटाने छापणे सक्तीचे हवे. त्यासाठी प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये एक ओळ पुरते. ती लिहिण्याची जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्यांची आहे. विस्कटलेला लॉग वाचण्याची शिक्षा टीममधल्या नवख्याला कशासाठी?