संगणकाची हजेरी : एफएसटॅब फाइल शिक्षकाला वाचता यायलाच हवी



शाळेच्या संगणक कक्षात एखादं मशीन सुरू होत नसलं की आपण काय करतो? त्यावर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी लावतो आणि दुरुस्तीवाल्याला फोन करतो. तो येईपर्यंत आठवडा जातो, कधी महिनाही. तोवर जिथे दोन मुलं बसायची तिथे तीन बसतात आणि तिसऱ्याच्या हाताला माउस लागतच नाही. माझं स्पष्ट मत आहे की अशी काही मशीनं मुळात बिघडलेलीच नसतात. त्यांच्या पोटातल्या एका साध्या मजकुराच्या फाइलमधली एक ओळ चुकलेली असते. ती ओळ वाचता येणं हे काही इंजिनिअरचं काम नाही. हजेरीपट सांभाळणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ते जमेल.

हा लेख लिनक्सवर, म्हणजे उबुंटूसारख्या प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांबद्दल आहे. लिनक्सला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि जुन्या मशीनवरही ते बऱ्यापैकी चालतं. केरळने तर आपल्या सरकारी शाळांमध्ये वर्षानुवर्षं हाच मार्ग धरला आहे. आपल्याकडेही अनेक शाळांच्या लॅबमध्ये आणि काही घरांतल्या जुन्या संगणकांवर लिनक्स आहे. पण ते फुकट मिळालं म्हणून त्याची जबाबदारी कुणाचीच नाही, असं होऊन बसलं आहे.

माउंट करणं म्हणजे काय?

विंडोजमध्ये आपल्याला सी, डी, ई असे वेगवेगळे ड्राइव्ह दिसतात. लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे फोल्डरांचं एकच झाड असतं आणि त्याच्या मुळाला ‘रूट’ म्हणतात. दुसरी डिस्क लावली की ती या झाडाच्या एखाद्या फोल्डरवर जोडायची. या जोडण्यालाच ‘माउंट करणं’ म्हणतात. जोडल्यावर त्या फोल्डरमध्ये गेलं की आपण प्रत्यक्षात त्या डिस्कवर पोचतो.

आता संगणक सुरू होताना त्याला कसं कळणार, की कोणती डिस्क कुठे जोडायची? त्यासाठी ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये ‘एफएसटॅब’ नावाची फाइल असते. फाइल सिस्टिम टेबल, म्हणजे फाइल सिस्टिमचा तक्ता. हिचं मूळ रूप १९८० साली बीएसडी युनिक्सच्या ४.० आवृत्तीत आलं. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी ही फाइल आजही साध्या नोटपॅडसारख्या प्रोग्राममध्ये उघडते आणि माणसाला वाचता येते.

एका ओळीचे सहा रकाने

एक डिस्क, एक ओळ. उदाहरण पाहू. वाचायला सोपं जावं म्हणून इथे देवनागरीत दिलं आहे, फाइलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं असतात :

यूयूआयडी=(क्रमांक)  /विद्यार्थी  ईएक्सटी४  डिफॉल्ट्स,नोफेल  ०  २

१. पहिला रकाना : कोणती डिस्क किंवा तिचा कोणता भाग.
२. दुसरा : ती कोणत्या फोल्डरवर जोडायची.
३. तिसरा : फाइल सिस्टिमचा प्रकार. लिनक्सची बहुधा ईएक्सटी४, विंडोजची एनटीएफएस.
४. चौथा : जोडताना पाळायचे नियम. नियमांमध्ये स्वल्पविराम द्यायचा, मोकळी जागा सोडायची नाही.
५. पाचवा : डंप नावाच्या जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी. आज इथे ० लिहून मोकळं व्हायचं.
६. सहावा : सुरू होताना तपासणीचा क्रम. रूटला १, इतरांना २, तपासायची नसेल तर ०.

रकाने वेगळे होतात ते मधल्या मोकळ्या जागेमुळे. म्हणून फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका, नाहीतर एका रकान्याचे दोन होतात आणि पुढचं सगळं सरकतं. मस्टर भरताना एक रकाना चुकला की पुढे काय गोंधळ होतो, हे शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

हजेरी क्रमांक की जनरल रजिस्टर क्रमांक?

पहिल्या रकान्यात डिस्कचं नाव दोन तऱ्हेने लिहिता येतं. एक म्हणजे एसडीए१, एसडीबी१ अशी नावं. ही नावं संगणक डिस्क सापडतील तशी देत जातो. आज जी एसडीबी आहे ती उद्या आणखी एक डिस्क लावल्यावर एसडीसी होऊ शकते. हा झाला वर्गातला हजेरी क्रमांक. नवीन मूल दाखल झालं, तुकडी बदलली, की तो बदलतो.

दुसरी तऱ्हा यूयूआयडीची. हा अंक-अक्षरांचा लांबलचक क्रमांक फाइल सिस्टिम तयार होतानाच तिला मिळतो. डिस्क या खाचेतून त्या खाचेत लावली तरी तो तोच राहतो. हा झाला जनरल रजिस्टर क्रमांक. दाखल्यावर आपण हजेरी क्रमांक लिहीत नाही, रजिस्टर क्रमांक लिहितो. मग एफएसटॅबमध्येही यूयूआयडीच लिहायला हवा.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डिस्क फॉरमॅट केली की तिला नवा यूयूआयडी मिळतो आणि एफएसटॅबमधला जुना निरुपयोगी होतो. दुसरं, लॅब उभारताना एका डिस्कची हुबेहूब नक्कल करून वीस मशीनं तयार करतात, तेव्हा यूयूआयडीचीही नक्कल होते. वेगवेगळ्या मशीनमध्ये त्याने काही बिघडत नाही. पण तशा दोन डिस्का एकाच मशीनला लावल्या, की एकाच रजिस्टर क्रमांकाचे दोन विद्यार्थी वर्गात बसल्यासारखं होतं.

एक गैरहजर, म्हणून शाळा बंद?

आता मुख्य मुद्दा. समजा मशीनमध्ये मुलांचं काम ठेवायला दुसरी डिस्क होती. ती खराब झाली, किंवा कुणी काढून दुसऱ्या मशीनला लावली. एफएसटॅबमधली ओळ मात्र तशीच राहिली. पुढच्या वेळी संगणक सुरू होतो, ती डिस्क शोधतो आणि थांबतो. पडद्यावर १ मिनिट ३० सेकंदांची मोजणी दिसते. डिस्क नाही सापडली, तर काळ्या पडद्यावर ‘इमर्जन्सी मोड’ अशी अक्षरं येतात. प्रोसेसर ठीक, मेमरी ठीक, मूळ डिस्क ठीक, तरीही मशीन ‘बंद’.

वर्गात एक मूल गैरहजर असेल तर आपण शाळा बंद ठेवतो का? नोंद करतो आणि तासाला सुरुवात करतो. संगणकालाही हेच सांगायची सोय आहे. चौथ्या रकान्यात ‘नोफेल’ लिहायचं. अर्थ असा की ही डिस्क मिळाली तर जोड, नाही मिळाली तर पुढे चालू लाग. शोधण्यातला वेळ मात्र तरीही जाऊ शकतो, तो कमी करण्यासाठी वेगळा नियम आहे.

पण ‘नोफेल लिहा आणि निर्धास्त व्हा’ असं मी म्हणणार नाही. त्यातही एक धोका आहे, आणि तो मुलांच्या कामाशी निगडित आहे. डिस्क जोडली गेली नाही तरी ‘विद्यार्थी’ हा फोल्डर दिसतोच, फक्त रिकामा. मुलं त्यात आपलं काम साठवतात आणि ते मूळ डिस्कवर जाऊन बसतं. दोन दिवसांनी दुसरी डिस्क पुन्हा जोडली गेली, की ती या फोल्डरवर येऊन बसते आणि दोन दिवसांचं काम तिच्याखाली झाकलं जातं. ते पुसलेलं नसतं, पण दिसत नाही. रडवेल्या मुलाला आपण सांगतो, ‘तू सेव्हच केलं नसशील.’ मूल बरोबर असतं आणि आपण त्याला खोटं पाडतो. उपाय सोपा आहे. डिस्क जोडलेली नसताना तो रिकामा फोल्डर फक्त ॲडमिनच्या मालकीचा ठेवायचा. मग डिस्क नसेल तेव्हा मुलांना तिथे लिहिताच येत नाही, आणि काहीतरी गडबड आहे हे ताबडतोब कळतं.

म्हणूनच मी म्हणतो, कोणती डिस्क नसली तर थांबायचं आणि कोणती नसली तरी चालेल, हा निर्णय शाळेचा आहे. तो दुरुस्तीवाल्यावर सोपवू नये. मुलांचं काम कुठे असतं हे त्याला माहीत नसतं, तुम्हाला असतं.

‘पण मुलांनी बिघडवलं तर?’

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. उत्तर असं, की ही फाइल वाचायला ॲडमिनचा पासवर्ड सहसा लागत नाही, बदलायला मात्र लागतो. मुलांना वाचू द्या. आठवी-नववीच्या मुलांना सहा रकाने एका तासात समजतात. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘डॅश एफ’ जोडून दिली, की सगळ्या डिस्का, त्यांचे प्रकार आणि यूयूआयडी दिसतात. एफएसटॅब आणि ही यादी शेजारी ठेवून ‘कोण हजर, कोण गैरहजर’ हे मुलांनीच शोधायचं. हा प्रत्यक्ष पाठ आहे. ‘डिस्क म्हणजे काय?’ याची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा किती तरी मोलाचा.

बदल मात्र शिक्षकाने करायचा, आणि पुढच्या क्रमानेच :

– आधी फाइलची प्रत काढून ठेवा.
– नवी ओळ लिहिताना वर हॅशचं चिन्ह देऊन टीप लिहा : ही डिस्क कशासाठी, कधी लावली. हॅशने सुरू होणारी ओळ संगणक सोडून देतो. टीप मराठीत, पण रोमन अक्षरांत लिहा, कारण इमर्जन्सी मोडच्या काळ्या पडद्यावर देवनागरी नीट दिसत नाही.
– मग ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा ‘डॅश डॅश व्हेरिफाय’ जोडून द्या. ती फाइलमधल्या चुका दाखवते.
– त्यानंतर ‘माउंट डॅश ए’. याने ओळी लगेच अमलात येतात. चूक असेल तर ती तुम्ही समोर असताना कळते, सोमवारी सकाळी पहिल्या तासाला नाही. नोफेल असलेली डिस्क नसेल तर ही आज्ञा गप्प बसते, म्हणून शेवटी यादी पुन्हा पाहा.
– सगळं बरोबर दिसल्यावरच संगणक बंद करून चालू करा.

आणि मशीन आधीच इमर्जन्सी मोडमध्ये अडकलं असेल तर? उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा, मूळ डिस्कवरची एफएसटॅब ॲडमिन म्हणून उघडा आणि नसलेल्या डिस्कच्या ओळीपुढे हॅश टाका. ओळ खोडू नका, ती उद्या कामाला येईल.

पालकांनाही एक सांगतो. घरच्या लिनक्स संगणकाला दुसरी डिस्क बसवून घेतलीत, तर ‘काम झालं’ एवढ्यावर समाधान मानू नका. एफएसटॅबमध्ये काय लिहिलं ते दाखवायला सांगा आणि मुलाला शेजारी उभं करा. ज्याला हे काम येतं तो दोन मिनिटांत समजावून सांगेल.

आपण मुलांना वर्षभर पेंट आणि टायपिंग शिकवतो. त्यालाही माझी हरकत नाही. पण ‘हात लावू नकोस’ हा जर संगणक कक्षातला पहिला नियम असेल, तर मूल यंत्राला घाबरायलाच शिकतं. ज्या फाइलमुळे संगणक अडतो ती सहा रकान्यांची आहे आणि उघड्या अक्षरांत लिहिलेली आहे, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की ही भीती बरीचशी जाते. मुलांची जाते, आणि खरं सांगायचं तर आपलीही.

या आठवड्यात आपल्या लॅबमधल्या एका मशीनची एफएसटॅब उघडा. काही बदलू नका, फक्त वाचा. मग एका वहीत प्रत्येक मशीनचा क्रमांक, त्यातल्या डिस्का, त्यांचे यूयूआयडी आणि प्रत्येक डिस्कचा उपयोग लिहून ठेवा. ती वही संगणक कक्षाच्या कपाटात ठेवा आणि तुमची बदली झाली, तर चार्ज देताना किल्ल्यांबरोबर तीही द्या.