जुनी ट्रॉली घेताय? आधी तिच्या पोटाखाली जा

कोल्हापूर जिल्ह्यातले ट्रॅक्टरमालक, ऊस वाहतूकदार, मुकादम, कारखान्यांचे शेती विभाग आणि वेल्डिंगची दुकानं चालवणारे आमचे भाऊबंद, सगळ्यांना हे तातडीचं आवाहन.

हंगाम तोंडावर आलाय. एकदा मोळी पडली की कुणाला मान वर करायला सवड नसते, म्हणून ट्रॉल्यांचे सौदे आत्ताच उरकतायत. नवी जोडी परवडत नाही, तेव्हा जुनी बघायची, यात वावगं काही नाही. वावगी आहे ती बघण्याची तऱ्हा. गिऱ्हाईक येतं, टायरला लाथ मारतं, फाळका उघडून-लावून बघतं, रंगावरनं हात फिरवतं, मागं देवाचं नाव सुबक काढलंय का तेही बघतं आणि चहा पिऊन विसार देऊन मोकळं होतं. तळावर चढून कुणी बघत नाही. तळाखाली तर नाहीच नाही.

त्या तळावर फक्त ऊस असता तर नुकसान तुमच्या खिशापुरतं राहिलं असतं. पण आष्टी, पाटोदा, धारूर, केजकडनं ऊसतोड्यांच्या टोळ्या येतात त्या याच ट्रॉल्यांतनं. पत्र्याच्या पेट्या, पालाचं सामान, धान्याची पोती, शेळ्या आणि पोराबाळांसकट अख्खे संसार. पुढं चार-पाच महिने फडावरनं फडावर जायचं तेही रिकाम्या ट्रॉलीत बसून, आणि त्यात दमलेली पोरं तळावरच आडवी होतात. ट्रॉली मालासाठी असते, तिच्यात माणसं बसवायला कायद्यानं मनाई आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी रोज काय चालतं हेही सगळे बघतायत.

कुजलेला तळ काय करतो ते 2012 च्या जुलैमध्ये चेन्नईजवळ तांबरमला दिसलं. शाळेच्या बसच्या तळाला भोक पडलेलं होतं. दुसरीतली मुलगी त्या भोकातनं खाली पडली आणि त्याच बसच्या चाकाखाली गेली. त्या बसला फिटनेसचा दाखला मिळून काही आठवडेच झाले होते. बस रोज शहरातनं फिरणारी, वर दाखला असलेली. आपल्या ट्रॉल्या वर्षातले सहा-सात महिने बांधाला उघड्यावर पावसात उभ्या असतात, आणि त्यांच्या खाली वाकून बघायला कुणी येत नाही.

आता बघायचं कसं ते सांगतो. सौदा भर दुपारी करा. संध्याकाळी बत्तीच्या उजेडात ट्रॉली दाखवणाऱ्याला सकाळी येतो म्हणून सांगा. ट्रॉली उन्हात, सपाट जागेवर उभी करायची, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, तळ झाडून घ्यायचा आणि खाली पोतं अंथरून उताणं पडायचं. वर बघितलं की बारीक भोकांतनं ऊन डोळ्यात येतं, त्याला कसलं मशीन लागत नाही. मग वरनं दोन-चार बादल्या पाणी ओतायला लावा. फळकुटांच्या तळाला फटी असणारच, पण सलग पत्र्यातनं पाणी ज्या जागी ठिबकेल तिथं खडूनं खूण करा. मग हातोडी घ्या. हातभर अंतरानं ठोकत जा. धड पत्रा ठणठणतो, कुजलेला बद्द वाजतो, आणि कधी कधी ठोकल्याबरोबर गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात, म्हणून चष्मा लावा. जिथं आवाज बदलला तिथं स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबायचं. आत गेलं तर तो पत्रा संपला.

सगळ्यात आधी कुजतं ते तळाचा पत्रा आडव्या चॅनेलवर टेकतो त्या सांध्यात. उसाचा रस, ओलं पाचट, माती तिथं जाऊन बसतं आणि वाळतच नाही. हंगाम संपला की त्याच ट्रॉलीतनं शेणखत, कोंबडखत, कारखान्याची मळी आणि खताची पोती जातात. नेहमीचं पोटॅश म्हणजे क्लोराइडच. एक पोतं फुटलं आणि ट्रॉली धुतली नाही तर पावसाळाभर ते लोखंड खात बसतं. त्यामुळे पत्र्याच्या मधोमध बघून समाधान मानू नका. चारी कोपरे, फाळक्याची बिजागरी जिथं जोडलीय ती कड, आणि प्रत्येक आडवा चॅनेल टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपून बघा.

पुराचं वेगळं बघावं लागतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019 ला आणि जुलै 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2024 च्या जुलैतही धोका पातळी ओलांडली. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ, कुरुंदवाडपर्यंत माणसं आणि जनावरं हलवताना ट्रॉल्यांचं काय होतंय ते बघायला कुणाला वेळ होता? काही ट्रॉल्या दिवसचे दिवस पाण्यात राहिल्या. पाणी ओसरलं, वरचा गाळ धुतला, चॅनेलच्या पोटातला तसाच राहिला. चौकोनी पाइपाची चेसिस असेल तर आत शिरलेला गाळ बाहेर यायला वाटच नसते आणि लोखंड आतनं खात सुटतं. बाहेरनं रंग तुकतुकीत! पाइपाच्या तोंडात, चॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात तार घालून बघा. वाळलेला चिकण गाळ निघाला तर ट्रॉली कुठल्या गावची, पुरात कुठं होती, ते सरळ विचारा. उत्तर द्यायला मालक घुटमळला तर ते सौद्यात धरा.

खालच्या बाजूला ताजा काळा रंग दिसला तर मला तरी आधी संशय येतो. विकायच्या आठवड्यात पोटाखाली रंग कोण आणि कशाला मारेल? पत्र्यावर पत्रा मारलेला असेल तर तो दुरुस्ती म्हणून धरू नका. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि जुना गंज आणखी पसरतो.

हूकचा कान झिजून लांबट झालाय का, दांड्याच्या वेल्डिंगला केसासारखी चीर आहे का, पाट्यांचं एखादं पान तुटलंय का, चारचाकी असेल तर टर्नटेबल किती हलतं, हेही त्याच फेरीत बघून घ्या. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कुणीही जाऊ नये, खाली ओंडके लावल्याशिवाय नाहीच. डंपिंगची ट्रॉली वर उचलून तिच्याखाली डोकं घालणं म्हणजे मरण मागून घेणं.

वेल्डिंगवाल्यांना हात जोडून सांगणं आहे: गिऱ्हाईक घाईत आहे म्हणून गंजावर ठिगळ मारू नका. कुजलेलं कापून काढा, नवा चॅनेल घाला, नाहीतर काम परत पाठवा. शंभर-दोनशे रुपयांचं गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. शेती विभागांनी करार करताना ट्रॅक्टरची कागदपत्रं बघता तशी ट्रॉलीही उभी करून खालनं बघावी. आणि मुकादमांनी टोळी आणायला माणसांसाठीचं वाहन करावं. ते होत नसेल तर निदान तळ तपासल्याशिवाय बायका-पोरांना ट्रॉलीत चढवू नये.

विसार दिला असला तरी अजून वेळ गेलेली नाही. या आठवड्यात एक दुपार काढा, सोबत जाणता वेल्डर घ्या आणि बाकीचे पैसे द्यायच्या आधी ट्रॉलीखाली जाऊन या.